दिवाळीत खात्यावर आलेले ८२० कोटी : युको बँक प्रकरण आणि पैसे खर्च करणाऱ्यांचे पुढे काय होते

१० ते १३ नोव्हेंबर २०२३ या चार दिवसांत युको बँकेच्या ४१ हजारांहून अधिक खात्यांवर मिळून सुमारे ८२० कोटी रुपये जमा दिसू लागले. शुक्रवारी धनत्रयोदशी होती, ११ तारखेला महिन्यातला दुसरा शनिवार आणि १२ ला रविवारी लक्ष्मीपूजन. शनिवार-रविवारी शाखांना कुलूप, पण मोबाइल ॲप आणि एटीएम चोवीस तास सुरू. ज्यांच्या खात्यावर रक्कम आली त्यांतल्या काहींनी तिला हात लावला नाही. काहींनी ती काढली, फिरवली, खर्च केली. पुढच्या मार्च महिन्यात सीबीआयची पथके राजस्थानात आणि पुण्यात ज्या घरांवर पोहोचली, ती या दुसऱ्या गटाच्या शोधात.

चुकून आलेले पैसे खर्च करण्याच्या प्रश्नावर आपल्याकडे घडलेले हे फार मोठे आणि फार बोलके प्रकरण आहे. म्हणून ते मुळापासून पाहू, आणि मग तोच प्रसंग एखाद्या साध्या बचत खात्यावर आला तर काय काय घडते, तेही पाहू.

नोंद कुठे फसली

आयएमपीएस ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच पैसे पाठवण्याची सेवा, मुंबईतल्या एनपीसीआयने, म्हणजे बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या संस्थेने, नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू केलेली. एका व्यवहाराची कमाल मर्यादा सध्या ५ लाख रुपये. पैसे पाठवताना चार टप्पे होतात. पाठवणाऱ्याची बँक आधी त्याच्या खात्यातून रक्कम वजा करते. मग एनपीसीआयच्या स्विचमार्फत, म्हणजे बँकांना जोडणाऱ्या मधल्या यंत्रणेतून, पैसे घेणाऱ्याच्या बँकेला संदेश जातो. ती बँक रक्कम जमा करून ‘जमा झाले’ असे उत्तर पाठवते. हे सगळे काही सेकंदांत उरकते, पण प्रत्यक्ष पैसा त्या क्षणी एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही. बँकांचा आपसातला हिशेब नंतर, ठरलेल्या वेळांना, एकत्रित निव्वळ रकमेवर मिटतो. खातेदाराच्या पासबुकात रक्कम दिसते तेव्हा ती त्याच्या बँकेने एनपीसीआयच्या संदेशावर विश्वास ठेवून दिलेली असते.

या साखळीतला नाजूक दुवा म्हणजे उत्तर. ते वेळेत आले नाही किंवा चुकीचे आले, तर पाठवणाऱ्याची बँक व्यवहार अयशस्वी धरते आणि वजा केलेली रक्कम परत टाकते. घेणाऱ्याच्या बँकेत मात्र जमा नोंद तशीच राहू शकते. असे तुरळक प्रकार रोज घडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ताळमेळात, म्हणजे रिकन्सिलिएशनमध्ये, सापडतात. कधी याच्या उलट, पाठवणाऱ्याचेच पैसे मध्ये अडकतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने आयएमपीएससाठी मुदत घालून दिली आहे. पाठवणाऱ्याचे पैसे गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

युकोमध्ये जे झाले ते परिपत्रकातल्या या प्रसंगाच्या उलट दिशेचे होते, आणि प्रचंड संख्येने झाले. सात खासगी बँकांतल्या सुमारे १४,६०० खातेदारांचे व्यवहार त्यांच्या बँकांच्या दप्तरी अयशस्वी म्हणून उतरले, आणि तेच युकोच्या दप्तरी जमा म्हणून. पाठवणाऱ्याचे काही गेले नाही, घेणाऱ्याला मिळाले, आणि मधली सगळी रक्कम युको बँकेच्या स्वतःच्या खिशातून गेली. बँकेने आयएमपीएस सेवा बंद केली, ज्यांच्याकडे पैसे गेले ती खाती रोखली आणि १५ नोव्हेंबरला शेअर बाजारांना रीतसर कळवले.

सरासरी काय सांगते

सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात अशा नोंदींची संख्या सुमारे ८ लाख ५३ हजार दिली आहे. हा आकडा आणि वरचे आकडे शेजारी मांडले की प्रकरणाचा चेहरा बदलतो. ८२० कोटींना ८.५३ लाखांनी भागले तर एका नोंदीला सरासरी साडेनऊ हजारांच्या आसपास रक्कम येते. घेणाऱ्या खात्यांवर पसरवले तर प्रत्येक खात्यावर सरासरी दोन लाख रुपये आणि वीसएक नोंदी. आणि पाठवणाऱ्या १४,६०० खात्यांनी भागले तर एका खात्यामागे सरासरी ५८ व्यवहार, तेही चार दिवसांत.

सरासरीवरून एकेका माणसाविषयी निकाल देता येत नाही. कुणाच्या खात्यावर एकच नोंद पडली असेल, कुणाच्या खात्यावर शेकडो. पण साधा माणूस भावाला किंवा दुकानदाराला चार दिवसांत ५८ वेळा पैसे पाठवत नाही. आपली शिल्लक कमी होत नाही आणि समोर मात्र जमा होते, हे एकदा लक्षात आल्यावर तोच व्यवहार पुन्हा पुन्हा करणारे या संख्येत असणार, हा तर्क टाळता येत नाही. या प्रकरणाचा कणा इथे आहे. पहिली नोंद ही बँकेची चूक. दुसरी, तिसरी, पन्नासावी नोंद ही त्या चुकीचा उपयोग. आणि चुकीचा उपयोग केला की नाही हे माणसाच्या सांगण्यावरून ठरत नाही, वेळेसकट छापल्या गेलेल्या नोंदींवरून ठरते.

६४९ परत, १७१ बाहेर

१६ नोव्हेंबरला बँकेने जाहीर केले की ८२० पैकी ६४९ कोटी, म्हणजे सुमारे ७९ टक्के, परत मिळाले आहेत. इतकी वसुली इतक्या लवकर होण्याचे कारण उघड आहे. हे पैसे युकोच्याच खात्यांत पडून होते. आपल्याच दप्तरातली चुकीची जमा नोंद उलटवायला बँकेला कुणाच्या दारात जावे लागत नाही.

उरलेले १७१ कोटी म्हणजे त्या चार दिवसांत बँकेच्या भिंतीबाहेर गेलेली रक्कम. ती एटीएममधून निघाली, दुसऱ्या बँकांत वळवली गेली, खरेदीत गेली. बँकेच्या तक्रारीवरून २१ नोव्हेंबर २०२३ रोजी सीबीआयने गुन्हा नोंदवला. त्यात बँकेसाठी काम करणाऱ्या दोन सपोर्ट इंजिनीअरांची नावे संशयित म्हणून होती, बाकी अनोळखी. डिसेंबरमध्ये कोलकाता आणि मंगळुरू परिसरात १३ ठिकाणी झडत्या झाल्या. मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ६७ ठिकाणी, जोधपूर, जयपूर, जालोर, नागौर, बाडमेर, फलोदी आणि पुणे इथे. त्यात ४० मोबाइल फोन जप्त झाले आणि ३० संशयितांची जागेवरच चौकशी झाली. डिसेंबरच्या झडत्या चूक कशी झाली याच्या शोधात होत्या. मार्चच्या झडत्या, सीबीआयच्याच म्हणण्यानुसार, चुकून आलेले पैसे परत न करता काढून घेणाऱ्यांच्या शोधात होत्या.

मोबाइल का जप्त होतात, याचा विचार खातेदाराने जरूर करावा. कोणत्या क्षणी शिल्लक पाहिली, त्यानंतर किती मिनिटांनी पैसे वळवले, त्या वेळी कुणाशी काय बोलणे झाले, हे सगळे त्यात असते. ‘मला कळलेच नाही’ या बचावाची खरी परीक्षा तिथे होते.

कायदा कुठे पकडतो

पैसे परत करण्याची जबाबदारी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ मधून येते. चुकीने ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत, इतके ते सरळ आहे. चूक कुणाची होती, बँकेची की यंत्रणेची, याने फरक पडत नाही. ‘चूक त्यांची, मी का भरू’ हे वाक्य शाखेत रोज ऐकू येते, पण त्याला कायद्यात जागा नाही.

‘पण पैसे खर्च होऊन गेले’ या उत्तराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बनारसच्या एका सराफी पेढीच्या खटल्यात हा मुद्दा निकालात काढला. तिथे चुकीने भरला गेलेला विक्रीकर परत मागितला होता आणि ‘ती रक्कम आम्ही राज्याच्या नेहमीच्या कारभारात खर्च करून टाकली’ असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की खर्च झाल्याने काही बदलत नाही, कलम ७२ प्रमाणे रक्कम परत द्यावी लागेल. जे सरकारला लागू झाले ते बचत खातेदाराला लागू होणार नाही, अशी आशा धरू नये. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण ती चूक उघडकीला आल्यापासून किंवा नीट लक्ष दिले असते तर उघडकीला आली असती तेव्हापासून मोजली जाते. म्हणून ‘दोन वर्षं झाली, कुणी विचारलं नाही’ याचा अर्थ पैसे आपले झाले असा होत नाही.

ही झाली दिवाणी बाजू. फौजदारी बाजू तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होती, मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ने घेतली आणि तिथे किमान सहा महिन्यांची कैद आणि दंडही आला, म्हणजे कलम आणखी कडक झाले.

या कलमाचे दोन बारकावे प्रत्येक खातेदाराला माहीत असायला हवेत. पहिला, सुरुवातीला वस्तू निर्दोषपणे हाती आली तरी चालते. कायद्याच्या पहिल्याच उदाहरणात एक माणूस दुसऱ्याची वस्तू आपली समजून नेतो. ती चोरी नाही. पण चूक कळल्यावरही तो ती स्वतःसाठी वापरतो, तेव्हा अपहार होतो. म्हणजे गुन्ह्याचा क्षण पैसे येण्याचा नसून कळल्यानंतर वापरण्याचा. दुसरा बारकावा लोकांना जास्त गोत्यात आणतो. थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच, असे कलमाचे पहिले स्पष्टीकरण सांगते. ‘पगार झाला की टाकणारच होतो’ हे म्हणणे त्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही. आणि नोंदी वारंवार घडवून आणल्या असतील, बँकेला जाणूनबुजून फसवले असेल, तर प्रकरण नुसत्या अपहारावर थांबत नाही, फसवणुकीची कलमे लागतात.

दोन लहान प्रसंग या रेषेच्या दोन बाजू दाखवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नईतल्या एका टॅक्सीचालकाच्या तमिळनाड मर्कंटाइल बँकेतल्या खात्यावर ९,००० कोटी रुपये जमा दिसले. खरे की खोटे हे पाहायला त्याने मित्राला २१ हजार पाठवले. बँकेने बाकीची रक्कम लगेच उलटवली आणि २१ हजारांचा प्रश्न बोलणीतून सुटला. त्याआधी २०२१ मध्ये बिहारच्या खगडिया जिल्ह्यात एका ग्रामीण बँकेकडून साडेपाच लाख चुकून एका खात्यावर गेले. ही सरकारने पाठवलेली रक्कम आहे असे सांगत त्या माणसाने ती खर्च केली, बँकेच्या नोटिसा येऊनही परत केली नाही, आणि त्याला अटक झाली. चेन्नईतली रक्कम कित्येक पटींनी मोठी होती. फरक पडला तो बँकेने विचारल्यानंतरच्या वागण्याने.

एका खात्याचा हिशेब

आता हे एका साध्या खात्यावर उतरवून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा एका नोकरदाराच्या बचत खात्यावर १८,४०० रुपये आहेत. शनिवारी संध्याकाळी ५०,००० च्या तीन नोंदी पडतात आणि शिल्लक १,६८,४०० दिसते. तो ६२,००० चा मोबाइल घेतो, ३५,००० क्रेडिट कार्डाचे भरतो आणि ४०,००० दुसऱ्या बँकेत भावाच्या खात्यावर पाठवतो. एकूण १,३७,००० गेले, उरले ३१,४००.

सोमवारी सकाळी बँक दीड लाखाचा लियन टाकते, म्हणजे तेवढी रक्कम रोखून धरते. पासबुकात शिल्लक ३१,४०० दिसते, पण काढता येण्याजोगे काहीच नाही. त्याच दिवशी ११,२०० चा कर्जाचा हप्ता एनएसीएचने, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ते वळते करणाऱ्या व्यवस्थेतून, येतो आणि परततो. बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा, आणि हप्ता चुकल्याची नोंद कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलमध्ये जाण्याची शक्यता वेगळी. संध्याकाळपर्यंत बँक तिन्ही नोंदी उलटवते. खाते उणे १,१८,६०० वर जाते. महिनाअखेरीस ४२,००० पगार जमा होतो आणि जमा होताच त्या खड्ड्यात जातो. खाते उणे ७६,६०० वरच. घरभाड्याला, किराण्याला एक रुपया निघत नाही.

तिकडे भावाच्या खात्यावरही ४०,००० चा लियन बसलेला असतो, कारण पैसे कुठे गेले हे यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या वेगळ्या, क्रमांकावरून काही मिनिटांत निघते आणि एक बँक दुसऱ्या बँकेला पत्र किंवा मेल करते. भावाने काहीच केलेले नाही, पण त्याचे खाते अडकले. या प्रकारात ओढला जाणारा सर्वांत निर्दोष माणूस बहुतेक वेळा हाच असतो. दुकानदाराने दिलेला मोबाइल परत घेतला जात नाही, आणि विकायला गेले तर अर्धीमुर्धी किंमत येते. शनिवारच्या एका संध्याकाळचा खर्च असा दोन-तीन महिन्यांचे कंबरडे मोडतो, आणि अजून पोलिसांचा विषयही आलेला नाही.

काही वेळा खातेदाराने हातही न लावता पैसे खर्च होतात. खात्याला स्वीप सुविधा असेल तर ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात. आधी शिल्लक नसल्याने परत गेलेला हप्ता, म्युच्युअल फंडाचा एसआयपी, यूपीआय ऑटोपे, हे सगळे त्या पैशावर वठते. म्हणून ‘मी वापरलेच नाही’ असे लिहून देण्याआधी मिनी स्टेटमेंट ओळीओळीने पाहावे.

कळल्याच्या दिवशी काय करायचे

आधी नोंदीचे नॅरेशन, म्हणजे स्टेटमेंटमधला तिचा तपशील, वाचा. आयएमपीएसच्या ओळीत १२ अंकी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो, बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचे नाव किंवा बँकेचा कोडही. विम्याचा दावा, एलआयसीची मुदतपूर्ती, प्राप्तिकराचा परतावा, शेतकरी योजनेचा हप्ता, थकलेला पगार, कुणी उसने घेतलेले परत, यांपैकी काही येणे होते का, हे शांतपणे तपासा. अचानक आलेली प्रत्येक रक्कम चुकीची नसते. पण कुठलेच येणे जुळत नसेल तर ती आपली नाही असे धरून चाला. सरकारी योजनेचे असेल असा अंदाज करून खर्च करणे हा सर्वांत जास्त दिसणारा घोटाळा आहे. योजनेचे पैसे ठरलेल्या आकड्यात येतात आणि नॅरेशनमध्ये योजनेचा किंवा खात्याचा उल्लेख असतो.

मग त्या पानाचा फोटो, तारीख आणि वेळेसकट, काढून ठेवा. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्याच दिवशी नोंदणीकृत ईमेलवरून शाखेला मेल करा. शाखा उघडली की अर्ज दोन प्रतींत घेऊन जा, एक द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. काउंटरवर साहेबांना तोंडी सांगून निघून आल्याचा पुरावा पुढे काहीच राहत नाही. अर्ज लांबलचक नको :

‘माझ्या बचत खात्यावर (शेवटचे चार अंक …) दि. … रोजी रु. … जमा झाल्याचे मला दि. … रोजी … वाजता समजले. नोंदीचा आरआरएन … आहे. ही रक्कम कोणाकडून व कशासाठी आली याची मला माहिती नाही. तिच्यावर माझा हक्क नाही. ती मी वापरलेली नाही. कृपया नोंद तपासून ती उलटवावी व तसे मला लेखी कळवावे. खात्यावरील माझी स्वतःची रु. … शिल्लक व्यवहारासाठी मोकळी ठेवावी ही विनंती.’

यातली समजल्याची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण फौजदारी बाजू तिथूनच मोजली जाते. शेवटचे वाक्यही गाळू नका. घाईत टाकलेला लियन कधी कधी पूर्ण खात्यावर बसतो, आणि तो सोडवून घ्यायला हे वाक्य कामी येते.

एक गोष्ट मुळीच करू नका. फोनवरून ‘चुकून तुमच्याकडे आले, या नंबरवर परत पाठवा’ असे कुणी म्हणाले तर पाठवू नका. खोटा जमा मेसेज पाठवून पैसे उकळण्याचा हा जुना मार्ग आहे. आणि नोंद खरी असली तरी तुम्ही त्या माणसाला स्वतःहून पैसे दिलेत आणि बँकेने मूळ नोंदही उलटवली, तर दोनदा गेले. परतफेड बँकेतूनच, नोंद उलटवूनच व्हायला हवी. इथे एक फरक लक्षात घ्यावा. बँकेच्याच चुकीने पडलेली नोंद बँक स्वतः उलटवते. पण दुसऱ्या कुणी खाते क्रमांक चुकीचा टाकून पैसे पाठवले असतील, तर त्याची बँक तुमच्या बँकेला कळवते आणि तुमची बँक तुमची संमती मागते. अशा वेळी संमतीपत्रावर सही देऊन मोकळे व्हावे. अडवून ठेवले तर समोरचा न्यायालयात जातो आणि कलम ७२ त्याच्याच बाजूने आहे.

खर्च झाले असतील तर

पहिले काम हिशेब. चुकीची रक्कम किती, त्यातली अजून खात्यावर किती, बाहेर गेलेली कुठे गेली, हे तीन आकडे कागदावर हवेत. मुदत ठेव झाली असेल तर मोडा. नातेवाइकाला पाठवले असतील तर आजच परत मागवा, म्हणजे त्याचे खातेही सुटेल. उरलेल्या रकमेसाठी नोटीस येण्याची वाट न पाहता शाखा व्यवस्थापकांना लेखी हप्ते सुचवा, ठरावीक आकडा आणि ठरावीक तारीख देऊन. वरच्या उदाहरणात भावाकडचे ४०,००० परत आले की पगारानंतरचा खड्डा ३६,६०० वर येतो. तेवढी रक्कम तीन-चार हप्त्यांत फेडू असे पत्र आणि सोबत पहिला हप्ता घेऊन गेलेल्या माणसाशी बँक बोलते. वसुलीची नोटीस, मग वकिलाची नोटीस, मग पोलीस तक्रार अशी चढती पायरी असते, आणि पहिल्या पायरीवर मिटवणे सर्वांच्याच सोयीचे असते. कलम ४०३ चा गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र आणि ज्याचे पैसे त्याच्याशी तडजोड करण्याजोगा होता. म्हणजे खटला उभा राहिल्यावरही परतफेडीला किंमत होती. युकोसारख्या मोठ्या गुन्ह्यात अडकल्यावर मात्र ही वाट अरुंद होते.

दुसऱ्या बाजूनेही अन्याय होऊ शकतो आणि तो सोसत बसण्याचे कारण नाही. हजारो खाती एकदम रोखली जातात तेव्हा खरे पैसे आलेला माणूसही त्यात सापडतो. त्याच्याकडे एक पक्का पुरावा असतो. पाठवणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये त्याच आरआरएन क्रमांकाची नोंद वजा झालेली आणि परत न आलेली दिसली, तर व्यवहार खरा. ते स्टेटमेंट त्याच्या बँकेच्या शिक्क्यासह आणून अर्जाला जोडावे. त्या ओळीखाली थोड्या वेळाने तीच रक्कम परत जमा झालेली असेल, तर मात्र तुमच्याकडचे पैसे चुकीचेच.

लियन चुकीच्या रकमेपेक्षा जास्त असेल, पैसे फिटल्यावरही उठला नसेल किंवा अर्जाला उत्तरच नसेल, तर आधी बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. ती विनाशुल्क आहे, वकील लागत नाही, आणि पोच घेतलेला अर्ज हीच तिची मुख्य जोडपत्रे.

पूर्ण परतफेड झाल्यावर तीन गोष्टी हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. नोंदी उलटवल्याचे आणि खाते शून्यावर आल्याचे दाखवणारे शिक्क्यासह स्टेटमेंट. येणे बाकी नसल्याचे पत्र, त्यात आरआरएन क्रमांक आणि रक्कम लिहिलेली. आणि लियन उठवल्याची तारीख. पैसे पुढे दुसऱ्या बँकेत गेले असतील तर त्या बँकेलाही तसे कळवल्याचे पत्र मागून घ्यावे. नाहीतर इकडे सगळे मिटते आणि भावाचे खाते तसेच बंद राहते, कारण तो लियन टाकणारी बँक वेगळी असते आणि तिला कुणी उठवायला सांगितलेलेच नसते.